गावात मनकवड्याचा खेळ करताना: कलाकारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या गावांमध्ये मी मनकवड्याचे प्रयोग करतो. व्हॉट्सॲपवर, फोनवर किंवा मंडईच्या (म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) रात्री मंचामागे कलाकार मित्र जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक जण नागपूर-अमरावतीच्या हॉटेलांत, कंपन्यांच्या कार्यक्रमांत तयार झालेले असतात आणि त्यांना पहिल्यांदा गावाची सुपारी मिळालेली असते. ज्या गुपितांवर कलाकारांची पोटं चालतात ती इथे लिहिलेली नाहीत. गणिताच्या आणि मानसशास्त्राच्या पुस्तकांत जे उघड आहे तेवढंच लिहिलं आहे.

१. मनकवड्याचा खेळ जादूच्या खेळापेक्षा वेगळा कसा?

सामान कमी आणि बोलणं जास्त, हा वरवरचा फरक. पाटी, खडू, चिठ्ठ्या आणि बंद पाकीट एवढ्यावर दीड तास निघतो. खरा फरक प्रेक्षकाच्या डोक्यात असतो. रुमालातून कबूतर निघालं की गावातलं शेंबडं पोरगंही "हातचलाखी हाय" म्हणतं. पण एखाद्याच्या मनातलं पीक तुम्ही ओळखलंत की तोच माणूस हात जोडतो. जादूगाराला विश्वास कमवावा लागतो. आपल्याला गरजेपेक्षा जास्त मिळतो आणि तो सांभाळून परत करावा लागतो. पुढचे निम्मे प्रश्न याच एका गोष्टीतून आलेले आहेत.

२. गावातले लोक हा प्रकार समजून घेतील का? त्यांच्यासाठी तो नवा नाही का?

मुळीच नवा नाही. आठवडी बाजारात चादरीखाली झोपलेला जमुरा मदारीच्या हातातली वस्तू ओळखायचा, तो दोघांच्या सांकेतिक बोलीचाच खेळ होता. पॅरिसमध्ये जादूगार रोबेर-हुदँ यांनी १८४६ मध्ये स्वतःच्या मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून हाच प्रकार नाट्यगृहात नेला. आपल्याकडे तो रस्त्यावर राहिला, इतकंच.

नंदीबैलही याच घरातला. "यंदा पाऊस येईल का?" म्हटलं की तो मान हलवतो, कारण धन्याच्या हाताची आणि आवाजाची खूण तो ओळखतो. जर्मनीत 'हुशार हान्स' नावाचा घोडा गणितं सोडवतो अशी ख्याती झाली होती. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिलं की घोडा विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता. नंदीबैल पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून गावातला प्रेक्षक अडाणी आहे असं समजून मंचावर चढू नका. तो शहरातल्यापेक्षा बारकाईनं पाहतो.

३. दोघांच्या सांकेतिक बोलीचा प्रयोग मराठीत जमतो का?

इंग्रजीपेक्षा चांगला जमतो. "सांग बरं", "सांग ना", "सांग तं", "बोल आता" यांतली संकेत दडवणारी लहान लहान अव्ययं आपल्या बोलण्यात इतकी सहज येतात की कुणाचं लक्ष जात नाही. फक्त संकेत त्या भागातल्या बोलीत बसवा. वऱ्हाडात शुद्ध पुस्तकी मराठी बोललात की प्रत्येक शब्द कानाला वेगळा लागतो आणि लोक शब्द मोजायला लागतात. नवरा-बायकोची जोडी असेल तर घरी जसं एकमेकांना बोलता तसंच मंचावर बोला.

४. पहिल्यांदा कोणता प्रयोग बसवावा?

माझं उत्तर ठरलेलं आहे: जादूचा चौकोन. याला साधन लागत नाही, तो लांबून दिसतो आणि कुणाचं खासगी काही उघड होत नाही. प्रेक्षकाकडून ३४ ते ९९ मधली एक संख्या घ्यायची आणि बोलता बोलता चार बाय चारची सोळा घरं भरायची. आडव्या, उभ्या, तिरप्या सगळ्या ओळींची बेरीज तीच संख्या येते. मांडणी अशी (घेतलेली संख्या 'क' समजा):

८, ११, क–२०, १
क–२१, २, ७, १२
३, क–१८, ९, ६
१०, ५, ४, क–१९

बारा घरं कायम तीच. बदलतात ती फक्त चार. कुणी ५८ म्हटलं तर ती चार घरं ३८, ३७, ४० आणि ३९. चारही कोपरे मिळवले तरी ५८, मधली चार घरं मिळवली तरी ५८. लोकांना हे स्वतः शोधू द्या, तुम्ही सांगू नका. ३४ पेक्षा लहान संख्या घेतली तर काही आकडे दोनदा येतात आणि चौथी-पाचवीतलं पोरगं ते लगेच पकडतं.

घरं क्रमानं भरू नका, विचार करत इकडे तिकडे भरा. बेरीज मात्र गावातल्या माणसाकडून मोठ्यानं करून घ्या. किराणा दुकानदार सगळ्यात उत्तम, कारण त्याच्या बेरजेवर गावाचा विश्वास असतो. या चौकोनाची एक वेगळीच अडचण आहे, ती प्रश्न १६ मध्ये.

५. शहरात हमखास लागणारे 'मनात येणारे' आकडे गावात का फसतात?

कारण ते इंग्रजीत विचार करणाऱ्यांवर बसवलेले आहेत. पन्नासच्या आतली, दोन्ही अंक विषम आणि वेगवेगळे असलेली संख्या मनात धरा म्हटलं की तिकडे पुष्कळ जण सदतीस धरतात. इंग्रजीत तीन आधी आणि सात नंतर उच्चारतात, त्यामुळे अंक सुटे डोळ्यासमोर येतात. आपल्याकडे 'सदतीस' हा एकसंध शब्द आहे आणि त्यात सात आधी ऐकू येतो. आजोबा 'दोन्ही अंक विषम' या वाक्यापाशीच थांबतात आणि सगळा वेग मोडतो.

वर एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशीचा घोळ. ७९ की ८९ यावरून मंचासमोर वाद झालेला मी पाहिला आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' अशा वाचनाची सोय आली, त्यामुळे आजोबा आणि नातू एकच संख्या दोन तऱ्हेनं म्हणतात. माइकवर ऐकलेल्या आकड्यावर कधीही भरवसा ठेवू नका. पाटीवर लिहून घ्या आणि पाटी सगळ्यांना दाखवा.

भाजी, फूल, पीक यांचे अंदाज तर पट्ट्यागणिक बदलतात. 'पीक धरा' म्हटलं की यवतमाळकडे कापूस, वरुड-मोर्शीकडे संत्रा आणि वडसा-आरमोरीकडे धान. हे माझ्या अनुभवातलं आहे. तुमच्या पट्ट्यातल्या पन्नास माणसांना विचारून स्वतःची वही तयार करा.

६. समोरच्याला लिहिता येत नसेल तर?

त्याला लिहायला लावून अवघडल्यासारखं करू नका. मी पाच लहान डब्या ठेवतो: सरकी, तूर, सोयाबीन, धान, हरभरा. माणसानं एक दाणा उचलून मूठ बंद करायची. १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मन वाचण्याच्या चाचण्यांसाठी वर्तुळ, फुली, लाटा, चौकोन आणि तारा असे पाच चिन्हांचे पत्ते वापरत. ते पत्ते आपण मंचावर काढले की गाव परकं होतं. दाण्याची मूठ प्रत्येकाला ओळखीची असते. म्हातारा मूठ आवळून उभा राहतो तेव्हा मागच्या रांगेतलेही पुढे सरकतात.

७. जन्मतारखेवरून वार सांगतो, तरी टाळी का येत नाही?

गावातल्या जुन्या पिढीतल्या कित्येकांची जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख. तुम्ही वार बरोबर सांगता, पण तो त्यांचा वारच नसतो, म्हणून चेहऱ्यावर काही उमटत नाही. त्याऐवजी लग्नाची तारीख घ्या, ती पत्रिकेवर छापलेली असते. नाहीतर धाकट्या नातवाची घ्या.

हिशेबाची किल्ली सोपी आहे. कोणत्याही एका वर्षात ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर एकाच वारी येतात. १९४७ मध्ये तो वार शुक्रवार. म्हणजे ८ ऑगस्ट शुक्रवार, आणि १५ ऑगस्टही शुक्रवार. सरावासाठी जुनी कॅलेंडरं जमवा.

८. गावात कार्यक्रम केव्हा मिळतात आणि वेळेचं काय?

गणपती, दुर्गा, शारदा, कोजागिरी, मग दिवाळीनंतरच्या मंडया. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकाच्या रात्री आपल्याला फार तर अर्धा तास मिळतो आणि तोही मोलाचा समजा, कारण तिथला प्रेक्षक पहाटेपर्यंत नाटक पाहणारा, रंगभूमीवर जीव असलेला आहे. वडशाच्या नाटक कंपन्यांशी पावसाळ्यातच बोलून ठेवा. बहिरमसारख्या यात्रेत गर्दी फिरती असते, तिथे दहा-दहा मिनिटांचे सुटे प्रयोग करा. ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद, हा नियम आहे. ठरावीक सणांच्या दिवशी १२ पर्यंत सूट मिळते, पण परवानगीचा कागद मंडळाच्या हातात आहे का ते स्वतः पाहा.

९. उघड्या मंडपात वारा आणि अंधार यांचं काय करावं?

कागदाच्या चिठ्ठ्या विसरा, जाड पुठ्ठा घ्या. हॅलोजन समोरून नको, बाजूनं हवा. कॉर्डलेस माइकचे सेल स्वतःचे न्या.

१०. बायाबापड्यांना मंचावर बोलवावं का?

बोलवावंच, नाहीतर अर्धं गाव नुसतं बघत बसतं. पण एकटीला बोलवू नका. सासू-सून, मायलेकी किंवा बचत गटातल्या दोघी अशा जोडीनं बोलवा. मनगट धरून लपवलेली वस्तू शोधण्याचा प्रयोग स्त्रीबरोबर करायचाच नाही. पुरुषाबरोबरही मी मनगट धरत नाही, त्याच्याच खांद्यावरचा दुपट्टा घेतो. एक टोक त्याच्या मुठीत, एक माझ्या, मध्ये ताण. वस्तूच्या दिशेनं वळलो की ताण किंचित सैल होतो, चुकीच्या दिशेला तो अडतो. माणसाला स्वतःला ते कळत नाही. विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये अशा नकळत होणाऱ्या हालचालींची मीमांसा केली होती. दुपट्ट्यातून ही खूण ओळखायला मला दोन वर्षं लागली. घरच्यांबरोबर रोज सराव करा.

११. आदल्या दिवशी गावात जाऊन माहिती काढून ठेवावी का?

नाही. पहिलं कारण, ते चालतच नाही. गावात सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं. तुम्ही कुणाच्या घरचं काही सांगितलंत की "पानठेल्यावर कोणी सांगतलं असन" हे उत्तर तयार असतं. दुसरं कारण गंभीर आहे. कर्ज, लग्न मोडणं, भाऊबंदकी, जातीबाहेरचं प्रेम, यातलं काहीही माइकवर आलं तर तुम्ही गाडीत बसून निघून जाता आणि ते घर तिथेच राहतं.

सगळ्यांना लागू पडणारी गोलमोल वाक्यं, म्हणजे "तुम्ही वरून कठोर, आतून हळवे", हा त्याचाच सोपा भाऊ. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना एकच वर्णन प्रत्येकाचं म्हणून दिलं आणि त्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.३ च्या आसपास गुण दिले. हे वापरायचं असेल तर गंमत म्हणून वापरा: तीन जणांना एकच चिठ्ठी द्या, तिघंही "बरोबर हाय" म्हणाले की तिघांना ती मोठ्यानं वाचायला लावा. माझ्या कार्यक्रमातला सगळ्यात मोठा हशा इथेच पिकतो, आणि गावात येणाऱ्या पुढच्या भविष्यवाल्याला हे लोक वेगळ्या कानानं ऐकतात.

१२. 'माझ्यात शक्ती नाही' असं आधीच सांगितलं तर खेळाची मजा जात नाही का?

मीही पहिल्या वर्षी असंच समजत होतो. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात गणपतीचा कार्यक्रम होता. "तुमच्या मनात काय आहे ते मला दिसतं," असं मी माइकवर म्हणालो. कार्यक्रम रंगला. रात्री मी शाळेच्या व्हरांड्यात झोपलो. पहाटे जाग आली तर पायरीवर सात-आठ माणसं बसलेली. पुढे एक बाई, पदराखाली दीड वर्षाचं पोर, अंगाला हात लावला तर चटका बसावा असा ताप. ती म्हणाली, "तुमाले तं सारं दिसते ना भाऊ, मह्या लेकराले पाहून द्या." तीन दिवसांचा ताप होता. आदल्या रात्री ती त्याला दवाखान्यात नेणार होती, पण माझा कार्यक्रम पाहिला आणि थांबली. मंडळाच्या एका पोरानं मोटरसायकल काढली आणि आम्ही मायलेकरांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवलं. सलाइन लागलं, पोर वाचलं.

ती रात्र माझ्या एका वाक्यामुळे वाया गेली होती. ते वाक्य मी पुन्हा उच्चारलं नाही. आता म्हणतो: "मंडळी, माझ्या अंगात कोणतीही शक्ती नाही. मी पाहतो, ऐकतो, हिशेब करतो आणि तुमच्या परवानगीनं थोडं फसवतो. हा खेळ आहे. आजारी माणूस दवाखान्यात न्यायचा, माझ्याकडे नाही."

हे कार्यक्रमाच्या अगदी सुरुवातीला सांगू नका. तेव्हा पोरं जागेसाठी भांडत असतात, कुणी ऐकत नाही. पहिला प्रयोग लागला, शांतता पसरली की तेव्हा सांगा. शेवटच्या प्रयोगाआधी पुन्हा सांगा, कारण उशिरा आलेले असतात. मजा कमी होत नाही. गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारून लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे, आणि त्यातूनच नवससायास, कोंबड्या-बकऱ्यांचे बळी यांवर प्रहार करायचे. लोक रात्रभर बसायचे. खरं ऐकून उठून जाणारा हा मुलूख नाही.

१३. जादूटोणाविरोधी कायदा आपल्याला लागू होतो का?

खेळ म्हणून दाखवलेल्या खेळावर या कायद्याचा रोख नाही. २०१३ च्या या कायद्यात तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आणि त्यांचा प्रचार करून लोकांना फसवणं, दहशत बसवणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून रोखणंही त्यातच येतं. म्हणजे तुम्ही काय करता यापेक्षा त्याला काय म्हणता, यावर सगळं ठरतं. प्रश्न १२ मधलं वाक्य मी पत्रकावर आणि ठरावपत्रावरही छापतो.

पत्रक मंडळाला छापू देऊ नका. "सर्व समस्यांचे निराकरण" असली ओळ उत्साहाच्या भरात घातली जाते. रोग बरा करण्याच्या जादुई उपायांची जाहिरात १९५४ च्या वेगळ्या केंद्रीय कायद्याखालीही गुन्हा ठरू शकते.

१४. इतकं सांगूनही लोक अडचणी घेऊन आले तर?

येतातच. मेळघाटात भुमका (पारंपरिक वैदू) आहे, गावोगाव कुणी ना कुणी 'पाहणारा' आहे. तुमच्यासाठी जागा आधीच तयार असते आणि तुम्ही काहीही म्हणालात तरी काही जण तुम्हाला तिथेच बसवतात. झिडकारू नका. बसवा, पाणी द्या, ऐका, आणि एकही अंदाज सांगू नका. "बरं होईल" हेसुद्धा म्हणू नका, ते भाकीत समजलं जातं. खिशात एक छापील चिठ्ठी ठेवा: रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, मनाच्या त्रासासाठी टेली मानस १४४१६. जवळचं आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे हे कार्यक्रमाआधी आशाताईंना विचारून ठेवा. पैसे, नारळ, धान्य काही घ्यायचं नाही. कुणी पाया पडायला वाकलं तर आधी तुम्ही वाका.

१५. मंडळानं किंवा गावातल्या मोठ्या माणसानं भलतीच मागणी केली तर? जसं चोर शोधणं, पीकपाणी सांगणं, मेलेल्या माणसाशी बोलणं?

तिन्हीला नकार, पण कारणं वेगवेगळी.

चोर किंवा 'करणी करणारी' बाई दाखवणं हे थट्टेतही करू नका. तुमचं बोट ज्याच्याकडे वळलं त्याच्या घरावर उद्या दगड पडू शकतात, आणि असं बोट बहुधा विधवेकडे, एकट्या म्हातारीकडे वळतं. वस्तू शोधण्याच्या प्रयोगात मी 'हरवलेली' किंवा 'चोरलेली' हे शब्दही वापरत नाही, 'लपवलेली' म्हणतो.

पीकपाण्याचं भाकीत: बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि पाऊस-पिकाचे अंदाज ऐकायला दुरून शेतकरी येतात. ती तिथल्या लोकांची परंपरा आहे. तुमच्या बंद पाकिटातल्या 'यंदा सोयाबीन' या शब्दावर कुणी बियाणं घेतलं आणि पाऊस दडी मारून बसला, तर तुम्ही काय भरून देणार? पाकिटात वर्तमानपत्राचा मथळा ठेवा, शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) पहिली येणारी जोडीही नको, कारण तिच्यावर पैसे लागलेले असतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचं तर नावही काढू नका.

प्लँचेट: ज्या गावात शेतकऱ्यानं जीव दिलेलं घर आहे, आणि ते कुठल्या गावात नाही, तिथे मेलेल्याचा आवाज काढणं मला शक्य नाही. ज्यांना शक्य आहे त्यांना मी हा एकच प्रश्न परत विचारतो: त्याची बायको तिसऱ्या रांगेत बसली असेल तर?

१६. चालू कार्यक्रमात कुणाच्या अंगात आलं, किंवा कुणी चौकोनाचा कागद ताईत म्हणून मागितला तर?

अंगात येणं दुर्गेच्या दिवसांत घडतं. माइक खाली ठेवा, डफ-ढोलकी थांबवा, मंडपातले सगळे दिवे लावायला सांगा. जवळ जाऊ नका, प्रश्न विचारू नका, "हेही माझ्यामुळे" असा भाव चेहऱ्यावर आणू नका. तिच्या घरच्या बायकांना तिला मोकळ्या हवेत न्यायला सांगा. दहा मिनिटं थांबा आणि मग विनोदी प्रयोगानं सुरू करा. संमोहनाचा भाग ठरलेला असेल तर त्या रात्री तो गाळा.

चौकोनाचं म्हणाल तर खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात चौतिसा यंत्र कोरलेलं आहे, आणि देव्हाऱ्यातही असले आकड्यांचे चौकोन असतात, त्यामुळे गावाला तो यंत्रच वाटतो. म्हणून कागदावर लिहूच नका. मोठ्या पाटीवर खडूनं लिहा आणि सगळ्यांदेखत ओल्या फडक्यानं पुसा. एखादं पोट्टं वही-पेन घेऊन मागं आलं तर मात्र त्याला पायरीवर बसवून चार घरं कशी भरायची ते शिकवा, आणि त्याची संख्या त्यालाच निवडू द्या.